दोन सुतांची पुरवणी

लाट नकाशाबरहुकूम होती. चरक आमच्याच मंडळाचा होता. तरी लाट चरकात बसेना, आणि चंद्राबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या.

मलकापुरात, कराडच्या वेशीला लागूनच त्यांचं गुऱ्हाळ. मालक पलटणीत, समुद्रापार. त्यामुळं ऊस, बैलं, रस कढवायची काहील, सगळा पसारा बाईंच्या अंगावर. चरकात तीन उभ्या लोखंडी लाटा असतात, त्यांच्यामध्ये ऊस चेपला जातो. त्यातली मधली लाट ऐन हंगामात चिरली. पलूसला लालासाहेबांचा ओतकामाचा कारखाना. त्यांनी नवी लाट ओतली आणि स्वतः बैलगाडीवर घालून आणली. गावच्या सयाजी लोहारानं गड्यांच्या मदतीनं ती उभी केली, आसाचं खालचं टोक वाटीत सोडलं, वरची पाटी चढवली, तर पाटी टेकेचना. दोन सूत अधांतरी. दोन सूत म्हणजे पाव इंच. बोटाचं पेरसुद्धा नव्हे. पण तेवढ्यापायी बैल सुटलेले, भट्टी थंड, आणि तोडलेल्या उसाचा ढीग चरकापाशी उन्हात पडलेला. तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. आतला रस आंबायला लागतो आणि मग त्याचा गूळ बसत नाही.

"नानासो," बाई म्हणाल्या, "चरक घेताना तुमी काय म्हनला हुता? कुनाचीबी लाट कुनाच्याबी चरकात बसंल. म्हनला हुता का न्हाई?"

"म्हटलं होतं."

"मग बसवा."

सयाजी हसला. आमच्याकडं मधल्या लाटेला नवरा म्हणतात आणि बाजूच्या दोघींना नवऱ्या. "बाई, नवरा पलूसचा नि नवऱ्या सांगलीच्या. कुरकुर हुनारच की!"

"माझ्या नवऱ्याला नावं ठिवू नगंस, सयाजी," लालासाहेब गुरकावले. "नकाशा पसर. माप लाव. एक सूत जरी कमीजास्त निघालं तर हीच लाट डोक्यावर घिऊन पलूसला चालत जातो."

माप लावलं. लाट अगदी बरोबर होती. मग आम्ही सगळे पोटावर पडून चरकाच्या खाली बघायला लागलो. बाजूच्या दोन वाट्या होत्या तिथंच होत्या. मधली वाटी तेवढी दोन सूत वर आली होती. नकाशात ती वर नव्हती. बदल नोंदवायच्या पुरवणीतही नव्हती.

"काढ रं करवत," लालासाहेब सयाजीला म्हणाले. "टोकाचं दोन सूत उडीव नि मोकळा हो."

"थांबा!" मी ओरडलो.

"आता का?"

"एक बदल सापडला म्हणून एकच आहे असं कोण सांगतं? वाटी कशापायी उचलली ते कळल्याशिवाय आसाला हात लावायचा नाही. ही लाट बिघडली तर दुसरी ओतायला लोखंड कुठं आहे?"

लोखंडाचं नाव काढल्यावर सयाजीनं काढलेली करवत खाली ठेवली. लढाईचे दिवस. परवान्याशिवाय लोखंड दिसत नव्हतं, आणि परवाना मिळाला तरी आधी मोडकं परत द्यावं लागत होतं. बाईंची चिरलेली जुनी लाट म्हणूनच लालासाहेबांच्या भट्टीत गेली होती. ती शिल्लक असती तर तिच्याकडं बघूनच निम्मी उत्तरं मिळाली असती.

मुळात आमचं मंडळ जन्माला आलं ते याच टंचाईतून. सांगली, पलूस, कराड, सगळीकडच्या चरकवाल्यांनी मिळून ठरवलं, की सगळ्यांचा नकाशा एकच. म्हणजे एकाकडं लोखंड नसलं तर दुसऱ्यानं लाट ओतून द्यावी आणि गुऱ्हाळ अडू नये. मला नकाशे काढता येत होते, म्हणून चिटणीसकी माझ्या गळ्यात आली. नियम मीच घातला होता, आणि तो अगदी साधा होता. मूळ नकाशाला कुणी हात लावायचा नाही. सुधारणा सुचली तर खुशाल करावी, पण ती पुरवणीत लिहावी. कुठल्या भागात केली, किती केली, का केली, आणि तिच्यामुळं आणखी काय हललं.

लिहीत सगळे होते हो. पण कसं? लालासाहेबांनी लिहिलं, "दाते जरा भरीव केले." जरा म्हणजे किती, असं मी पत्र टाकून विचारलं. उत्तर आलं, "बघून कळेल." एकानं माप बोटांत दिलं. मी विचारलं, कुणाचं बोट? तो म्हणाला, "माझं. दुसऱ्याचं कशाला घिऊ?" सयाजी तर लिहीतच नसे. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याकडं निरोप द्यायचा, आणि तो निरोप माझ्यापर्यंत येईतो वाटेत त्याला आणखी दोन पाय फुटायचे. एकाच भागाला पलूसचे लोक पाटी म्हणत, सांगलीचे ताट, आणि कराडकडचे झाकण. मी बैठकीत हात जोडायचो, सगळे माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि उठून जायचे.

या सगळ्यांत सांगलीच्या वर्धमानअण्णांचं पान तेवढं कोरं होतं. त्या कोऱ्या पानाचं मी भर बैठकीत कौतुक करत आलो होतो. बघा, म्हणायचो, अण्णा मूळ नकाशापासून रेसभर ढळत नाहीत.

बाईंचा चरक वर्धमानअण्णांच्या कारखान्यातला होता.

"मी सांगलीला जाऊन येतो," मी म्हणालो.

"जावा की," चंद्राबाई म्हणाल्या. "ऊस बसतोय वाट बघत. त्याला काय कामधंदा हाय?"

गाडीत बसून सांगलीला पोचलो तर अण्णा कारखान्यात नव्हते. मुनिमहाराजांच्या दर्शनाला गेले होते. कधी येतील? "येतील की." वाटीचं विचारलं तर कारागीर म्हणाला, "अण्णांनी सांगितलं, आमी केलं. कशापायी ते अण्णांस्नीच इचारा." मी ओतकामाच्या वाळूशेजारी बसून राहिलो. पांडुरंगाचं नाव घ्यायला लागलो, पण दर चार नामांनंतर मनात मलकापूरचा ढीग यायचा.

अण्णा आले ते पायानं धूळ उडवत, चेहरा कसा प्रसन्न. मला बघताच म्हणाले, "नानासो! जेवलात काय? सूर्य मावळायच्या आत दोन घास खाऊन घेऊ या, चला."

"अण्णा, जेवण राहू द्या. मधल्या लाटेखालची वाटी दोन सूत वर का?"

अण्णांचा चेहरा आणखीच फुलला. "तुमच्या ध्यानात आलं म्हणायचं! छान बसते की नाही?"

"लाट बसत नाही!"

मी सगळं सांगितलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सावकाश बोलायला लागले.

"रसाच्या वासानं मुंग्या येतात, नानासो. लाटेखालनं रस पन्हळीत उतरतो तिथंच त्यांची रांग लागते. लाट फिरली की सगळ्या रसात. आई एकदा गुऱ्हाळावर आली होती, तिनं ते बघितलं. त्या दिवसापासनं तिनं रस सोडला, गूळ सोडला. म्हणून मी वाटीच्या खाली बारीक जाळीचं कडं घातलं. मुंगी बाहेरच थांबते. कडं दोन सूत जाड आहे, म्हणून वाटी तेवढी वर आली."

"मग हे पुरवणीत का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? वर्धमाननं मुंग्या वाचवल्या म्हणून? धर्म करायचा आणि वर पत्रक काढायचं, तर त्याला धर्म म्हणायचं काय?"

दान गुप्त असावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे मी किती कीर्तनांत ऐकलं होतं, आणि ऐकून डोळे पुसले होते. आज तेच माझ्या आडवं आलं. एवढ्या निर्मळ माणसावर चिडायचं कसं? आणि चिडू नये तर बाईंच्या उसाचं करायचं काय?

"अण्णा," मी म्हणालो, "धर्म गुप्त ठेवा. दोन सूत कशाला गुप्त ठेवता?"

अण्णांनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली.

"बरं, दुसरं काही बदललंय?"

"नाही. दुसरं काही नाही."

मी उठलो.

"तेलाचं भोक तेवढं बुजवलंय," अण्णा म्हणाले.

मी खाली बसलो.

वरच्या पाटीला तेल सोडायचं भोक असतं. काही लोक त्यात जनावराची चरबी कोंबतात, ती वितळून रसात उतरते. म्हणून अण्णांनी भोकच बुजवून टाकलं आणि आसाला उभी खाच पाडली. आता करडईचं तेल त्या खाचेतूनच खाली झिरपायचं. लालासाहेबांच्या आसाला तशी खाच नव्हती. करवतीनं टोक उडवून आम्ही चरक सुरू केला असता तर आस कोरडा फिरला असता, तापून आवळला असता आणि वरची पाटीच तडकली असती. मग सगळा हंगाम गेला असता.

"आता तरी आठवा. आणखी काही?"

"नाही हो. शपथ घेत नाही मी, पण नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी अण्णांना घेऊन निघालो. डब्यात गर्दी होती, आम्ही दाराशी वळकटीवर टेकलो होतो. मी म्हणालो, "अण्णा, आमच्या कीर्तनाला कधी आलाय?"

"आमच्या गल्लीच्या तोंडाशीच देऊळ आहे. घरात बसून ऐकतो की."

"मग बघा. बुवा एक अभंग निरूपणाला घेतात. मध्येच दुसऱ्या संताची ओवी आणतात, पण आधी नाव घेतात, की हे अमक्याचं बरं का. दृष्टांत सांगतात, तो संपला की परत मूळ चरणावर येतात. मंडपाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही कळतं, अभंग कुठला आणि बुवांची भर कुठली. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी ज्याचा त्याचा ठसा असतोच. संतांनी आपली नावं मिरवायला घातली म्हणता?"

अण्णा वळकटीवरनं माझ्याकडं वळले. "मग कशाला घातली?"

"ऐकणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून. माझं ते त्याच्या पदरात जाऊ नये, त्याचं ते माझ्या."

"तुमचं बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "पण माझं नाव नको." झालं! डोक्याला हात लावून बसण्यापलीकडं माझ्या हातात काही राहिलं नाही.

मलकापुरात पोचलो तेव्हा उसाच्या ढिगाला वेगळाच आंबूस वास यायला लागला होता. बाईंनी अण्णांना नमस्कार केला, पण बसायला सांगितलं नाही. मी सगळं समजावून दिलं. सयाजीनं टोक कापलं, मग छिन्नी घेऊन आसाला खाच पाडायला बसला.

लालासाहेब चिडले. "मुंग्यांपायी? आवं अण्णा, मुंग्यांपायी माझ्या आसाला करवत लावता? नकाशाबरहुकूम लाट कुनी ओतली? म्या! नि कापायची कुनाची? माझीच! सयाजी, त्ये कडं काढून फेक. वाटी खाली आण, नकाशात हाय तशी."

अण्णांचा चेहरा पडला. "बाई, तुमचा चरक आहे. काढा म्हणाल तर काढतो."

चंद्राबाई खाली वाकून पन्हळीकडं बघत होत्या. "म्हंजी ह्ये तुमचं काम व्हय? मी म्हनत हुते, औंदा रस गाळताना फडक्यात मुंगी कशी न्हाई. सासूबाईंच्या येळंपासनं मूठभर निघायच्या." त्या उठल्या. "कडं ऱ्हाऊ द्या. पर अण्णा, एक सबूद सांगितला असता तर काय जीभ झिजली असती?"

अण्णांनी मान खाली घातली.

लाट बसली. पाटी टेकली. सयाजीनं खाचेत तेल सोडलं, गड्यानं बैलं आणली, आणि मी पुढं होऊन चरकाची दांडी धरली.

"आता काय?" चौघंही एकदम ओरडले असतील.

"आधी लिहायचं. मग फिरवायचं."

"आवं नानासो, ऊस आंबतोय!" सयाजी म्हणाला. "आधी फिरू द्या, मागनं लिवा की."

"मागनं कुणी लिहिलंय आजवर? तू लिहिलंस? लालासाहेबांनी लिहिलं? बैल एकदा फिरायला लागले की तुम्ही सगळे घरी. आणि पुढच्या सालात ही कापलेली लाट कुणीतरी दुसऱ्या चरकात घालणार, तिथं ती दोन सूत खाली बसणार, आणि मी पुन्हा असाच गाडीत."

मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. आयुष्यात मी कुणाच्या दारात असा ओरडलो नव्हतो. चंद्राबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वाटलं, आता बाई हात धरून बाजूला सारणार.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या कागदात लिवलेलं मला काय कळनार? तो कागद तुमच्यापाशी, चरक हितं."

"म्हणून तर म्हणतो, लोखंडावरच ठसा मारू या. ज्याची सुधारणा त्याचं नाव. कागदावर लिहायचं ते मी लिहीनच."

"नाव नको," अण्णा पुटपुटले.

"माझं घाला," लालासाहेब म्हणाले. "लाट माझी हाय. पुरं घाला, लालासाहेब, पलूस."

"तुमी काय केलंय त्यात?" सयाजी म्हणाला. "कापलीया म्या. मग माझंच घालतो की!"

"बास!" चंद्राबाई कडाडल्या. "नावं घालायला ही काय लगीनपत्रिका हाय? जाळी हाय तर जाळी काढ. खाच हाय तर रेघ मार. मला वाचाया येत न्हाई, पर जाळी वळखीन मी. नि ह्यो सयाजीबी वळखंल."

सयाजीनं वाटीशेजारी पंचानं आडव्या-उभ्या रेघा मारल्या. लाटेच्या माथ्यावर तशीच जाळी, आणि तिच्याशेजारी एक उभी रेघ. मी पुरवणीत तीच चिन्हं काढली, पुढं मापं लिहिली, सुतांत, आणि का केलं तेही लिहिलं. मुंग्यांचं लिहिताना अण्णा तोंड फिरवून उभे राहिले. नाव मी लिहिलं नाही.

"मग माझ्या दात्यांनाबी एक खून पायजे," लालासाहेब म्हणाले.

"कुठल्या दात्यांना?"

"ते काय... भरीव केलेले. ह्या लाटंचे न्हवं. मागल्या साली काही लाटा गेल्या की तशा."

"कुठं कुठं गेल्या?"

लालासाहेब आपल्या बैलांकडं बघायला लागले.

मी दांडी सोडली. चरक फिरला. लाट गोल गेली, करकरली नाही, आणि पन्हळीतून रस उतरायला लागला. गडी ओरडले. भट्टी पेटली. मीही देवाचं नाव घेतलं, पण पुरतं नाही. कारण रसाला तो आंबूस वास होताच.

पहिल्या काहिलीचा गूळ बसला नाही. गुळव्यानं चुना टाकला, भेंडीचं पाणी टाकलं, जाळ कमीजास्त केला. शेवटी पाक थंड व्हायला वाफ्यात ओतला, घोटला, पण दाणा धरेना. तो तसाच तांबडा, ओघळत पसरून राहिला. खालचा, सावलीतला ऊस जरा बरा होता. दुसऱ्या काहिलीला दाणा धरला, पण रंग काळसर आला. असा गूळ बाईंच्या गुऱ्हाळातून कधी बाहेर पडला नव्हता, हे गुळव्यानं सांगितलं, आणि ते सांगताना तो आमच्याकडं बघत नव्हता.

चंद्राबाई रडल्या नाहीत. त्यांनी मडकी आणली, पहिल्या काहिलीची ती काकवी भरली, आणि एकेक मडकं आमच्या हातात दिलं. मला, अण्णांना, लालासाहेबांना. सयाजीला दिलं नाही.

"ही काहील तुमची," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात ठिवनार न्हाई मी. चव वाईट न्हाई, भाकरीसंगं खावा. पर ह्येचा गूळ व्हायचा हुता. पलटनीत मालकास्नी पाठवायची ढेप मी ह्यातलीच काढनार हुते."

लालासाहेबांनी मडकं गाडीत, गवतात नीट बसवून ठेवलं.

अण्णा आणि मी टांग्यानं स्टेशनाकडं निघालो. मडकी पायांत धरून बसलो होतो. टांग्याला हिसका बसे तेव्हा काकवी कडेपर्यंत यायची. अण्णा म्हणाले, "बाईंनी मुंग्यांसाठी कडं ठेवलं. आणि मी त्यांचा ऊस घालवला."

मी खिशातून पेन्सिल काढली. "अण्णा, असली कडी आणखी कुठं कुठं घातलीत?"

"आष्ट्याला एक. दुधगावात एक... नाही, समडोळीला असेल. नांद्र्याला मागून नेली होती. आणि काहींना, खरं सांगू का, न विचारताच बसवून दिली. चांगलीच गोष्ट होती ना?"

"होती."

"पण कुणाकुणाला ते आठवत नाही हो."

"आठवा, अण्णा."

"आठवतोय."

मी आष्टा लिहिलं, नांद्रे लिहिलं. दुधगाव लिहिलं. समडोळी लिहिलं, आणि त्या दोन्हींपुढं प्रश्नचिन्ह घातलं. अण्णा डोळे मिटून बोटांवर गावं मोजत होते, एक बोट दुमडत होते आणि परत सोडत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगाला गुऱ्हाळांचे धूर निघत होते, आणि हंगाम अजून निम्मा बाकी होता.